भांडी बाजारातली मठारलेली थाळी: नगावर घ्या, पण तोलून बघा

हंडा, बंब, घंगाळ मठारायचे, म्हणजे हातोड्याने ठोकून घ्यायचे, ते नुसत्या शोभेसाठी नव्हे. ठोक्यांनी तांब्याचा पत्रा कडक होतो, साध्या धक्क्याने पोचा पडत नाही. नाशिकच्या भांडी बाजारात आता तेच ठोके भिंतीवर लावायच्या थाळ्यांवर दिसतात. भांडं वजनावर मिळतं, ही थाळी नगावर. वरचे पैसे मजुरीचे, आणि हातकामाला ते द्यायलाच हवेत. पुढे मोडीत घातली तर मात्र फक्त तांब्याचा भाव येईल, हे धरून चालावं.

आधी थाळी उलटी करून पाठ बघा. हाताने मठारताना ती ऐरणीवर टेकलेली असते. पुढे चपटे, चकचकीत ठसे उमटतात आणि पाठ बरीचशी सपाट राहते. साच्यात दाबलेल्या थाळीला पुढे खळगा तिथे मागे फुगवटा असतो. मग वजन. 22 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.7 मिमी पत्र्याची 12 इंची थाळी साडेचारशे ग्रॅमच्या पुढे भरते. तीनशेच्या आसपास भरली तर पत्रा 26 गेजचा, म्हणजे पातळ, समजा.

चांगल्या कामात ठोके मध्यापासून वलयावलयांनी काठाकडे जातात, एकाला एक लागून. हातोड्याचं तोंड आरशासारखं घोटलेलं नसेल तर त्यावरचा ओरखडा प्रत्येक ठशात उतरतो; थाळी उजेडात तिरकी धरली की दिसतो. मध्यभागी ठोके जास्त पडले की पत्रा ताणतो आणि बोटाने दाबल्यावर थाळी टक्कन उलटी फुगते. अशी अजिबात घेऊ नये. काठाला बारीक चीर असेल तर बहुधा घडवताना घाई झालेली असते: कडक झालेलं तांबं लालसर तापवून पुन्हा मऊ न करता ठोकत राहिलं की काठ फाटतो. शेवटचं मठारणं मात्र सगळं तापवणं संपल्यावरच, नाहीतर कमावलेला कडकपणा जातो. म्हणूनच मागचा हूक ज्योतीने डाग देऊन (झाळून) जोडलेला नको. तिथे पत्रा मऊ पडतो, पुढून काळपट डागही दिसतो. रिव्हेट मारलेला मागा.

लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) न लावलेली थाळी सगळ्यात उत्तम. काळवंडली की चिंच-मिठाने उजळते. लॅकरवालीला चिंच लावू नका. थर जागोजागी निघतो आणि तेवढेच ठिपके काळे पडतात.