तांबी की वंकी? खानापूर तालुक्यातील एका आरोग्य केंद्राचा अनुभव

धाकट्या जावेला तांबी, म्हणजे गर्भधारणा टाळण्यासाठी गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, बसवून घ्यायची होती, म्हणून गेल्या महिन्यात आम्ही कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. सेवा विनामूल्य मिळाली, खोली स्वच्छ होती, थांबावे मात्र दीड तास लागले. तरीही लिहावेसे वाटते ते तिथल्या सिस्टरांनी एका शब्दावरून जे समजावून सांगितले त्याबद्दल.

सिस्टर कन्नडभाषक. “वंकी घालून घेणार ना?” असे त्यांनी विचारताच जावेचा हात आपसूक दंडाकडे गेला, कारण आपल्याकडे वाकी म्हणजे दंडातला दागिना. सिस्टरांनी घाई न करता नमुना तिच्या तळहातावर ठेवला: ‘टी’ अक्षरासारखा पांढऱ्या प्लॅस्टिकचा लहानसा तुकडा, मधल्या दांडीवर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, ‘टी’च्या दोन्ही आडव्या हातांवर तांब्याची वळी आणि खाली लोंबणारे दोरे. मराठीने या साधनाला धातूवरून नाव दिले, तांब्याची ती तांबी, आणि डबा-डबीतली लहानपण दाखवणारी ईही त्यात आली. कन्नडने आकार पाहिला, वाकलेली ती वंकी. १९६५ साली सरकारी कुटुंब नियोजनात आलेला लूप नुसत्या प्लॅस्टिकचा आणि नागमोडी होता, म्हणून वंकी हे नाव त्यालाच अधिक शोभते असे मला वाटते. आमच्या सासूबाई आजही लूपच म्हणतात. तांबी हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण शुक्राणूंना निकामी करून गर्भधारणा रोखण्याचे मुख्य काम तांबेच करते. ‘३८० ए’ या प्रकारातील ३८० हा आकडा तांब्याच्या पृष्ठभागाचे चौरस मिलिमीटर सांगतो आणि ती १० वर्षे चालते. पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकते, पोटही दुखू शकते, हे सिस्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले.

तक्रार एकच, पण ती महत्त्वाची आहे: माहितीपत्रक आणि कार्ड दोन्ही केवळ कन्नडमध्ये आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या बाईने पुन्हा तपासणीला कधी यायचे, हे त्यावरून कसे ओळखायचे? आम्ही विनंती केल्यावर सिस्टरांनी कार्डाच्या मागे देवनागरीत ‘तांबी’ असे लिहिले आणि त्याखाली तपासणीची तारीख व तांबी बदलण्याचे वर्ष घातले.