मेमरी ८७ टक्के दाखवणारा गेटवे, चार महिन्यांनंतर

या गेटवेचं (म्हणजे घरच्या राउटरचं) हार्डवेअर चांगलंय हे आधीच सांगतो. १२८ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश, छोटासा डबा, रेंज आणि स्पीडबद्दल काही तक्रार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे शिव्याच घालायच्यात.

तर याच्या मूळ स्टेटस पेजवर मेमरी ८७ टक्के असा लाल पट्टा यायचा, बस, तेवढंच, कोण खातंय कशाने भरलीय काही पत्ता नाही. मी पण येडा, दर दोन दिवसांनी रिबूट मारत बसलो, रिबूट केलं की हिरवा, दुसऱ्या दिवशी परत लाल!

शेवटी वैतागून मूळ फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) काढून ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, हे राउटरसाठीचं मोफत, लिनक्सवर चालणारं फर्मवेअर. पहिलाच घोळ सेटिंगचा निघाला, याचा लॅन आयपी (घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता) डिफॉल्ट १९२.१६८.१.१ आणि वरच्या मोडेमचाही तोच, मग नेट कुठून चालणार? लॅन १९२.१६८.१०.१ केला, राउटिंग टेबलमध्ये (कुठला डेटा कुठे पाठवायचा त्याची यादी) डिफॉल्ट वाट मोडेमकडे जातेय ना ते बघितलं, रूट म्हणजे अॅडमिन खात्याला पासवर्ड टाकला (सुरुवातीला नसतोच, विसरू नका). डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) १०० पासून १५० पत्ते, १२ तासांची लीज म्हणजे पत्त्याची मुदत, ते तसंच ठेवलं.

मग एसएसएचने (दुरून कमांड द्यायची सोय) राउटरमध्ये शिरून फ्री ही मेमरी दाखवणारी कमांड मारली. आकडे केबीत येतात. फ्री नावाच्या कॉलमात जेमतेम ९ हजार, म्हटलं संपलं, पण शेवटच्या अव्हेलेबल कॉलमात ४३ हजार! लिनक्स रिकामी रॅम पडू देत नाही हो, वाचलेल्या फायली कॅशमध्ये धरून ठेवतो आणि कुणाला जागा लागली की सोडतो. तो लाल पट्टा कॅशसकट मोजत असणार, उगाच जीव खाल्ला माझा.

खरी बोंब नंतर मीच केली. टीसीपीडम्प (नेटवर्कवरून जाणारा डेटा टिपणारा प्रोग्रॅम) लावून टेम्प फोल्डरमध्ये कॅप्चर घेत होतो आणि बंद करायला विसरलो. टेम्प म्हणजे डिस्क नाही, रॅमच आहे ती. पेजेस उघडेनात, फ्री मारून बघतो तर शेअर्ड कॉलम (टेम्पमधल्या फायली यात मोजल्या जातात) फुगलेला आणि अव्हेलेबल १० हजारावर, कारण ही फाईल कॅशमध्ये धरली जाते पण कर्नल (लिनक्सचा गाभा) ती स्वतःहून फेकू शकत नाही. टीसीपीडम्प बंद केला, ३३ एमबीची फाईल उडवली आणि अव्हेलेबल तिथल्या तिथे परत ४३ हजारावर. रिबूट मारला असता तरी सुटलं असतं पण कळलं काहीच नसतं, कारण लॉगसुद्धा रॅममध्येच असतो, तोही साफ. म्हणजे आधीचे दोन महिने मी पुरावा स्वतःच पुसत होतो 😄

गेटवेला चार स्टार, मूळ फर्मवेअरला एक. अॅडब्लॉकची (जाहिराती अडवणाऱ्या प्रोग्रॅमची) मोठी यादी लावणार असाल तर ६४ एमबीवाल्याच्या वाटेला जाऊ नका, ती यादीही रॅममध्येच बसते. माझ्याकडचा अपटाइम (रिबूट न करता सलग चालू) आत्ता ४१ दिवस.