टर्नर सिंड्रोमची मुलगी: मिरजेत दाखवायचं की पुण्याला?

मुलीची उंची वाढत नव्हती, तर सगळे म्हणायचे, "आत्यावर गेलीय, उशिरा वाढेल." या एका वाक्यात आमची तीन वर्षं गेली. शेवटी रक्ताची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची, तपासणी केली तेव्हा कळलं की दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक तिच्यात नाही. दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. आईबापांच्या कशाने होत नाही. सासरच्यांना हे आधी सांगून टाका.

मग प्रश्न आला दवाखान्याचा. सांगलीच्या विश्रामबागेतून मिरज रिक्षाच्या अंतरावर, पुणं सव्वादोनशे किलोमीटर.

हृदय, किडनी, थायरॉईड, कान यांच्या तपासण्यांसाठी मिरज भरपूर आहे. यात हृदयाला पहिला मान. या मुलींमध्ये महाधमनीची झडप बऱ्याचदा तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असते, कधी महाधमनीच अरुंद असते, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र लहान मुलांच्या हृदयाचा सराव असलेल्याकडूनच करा. किडनीची सोनोग्राफी सुरुवातीला एकदा, थायरॉईड दरवर्षी. सारखा कान फुटत असेल तर ऐकू किती येतं तेही तपासा.

पुण्याला जायचं ते लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञासाठी. उंची वाढवणारं ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन कधी सुरू करायचं, डोस किती, हाडांचं वय कुठवर आलंय, हे रोज अशा मुली बघणाऱ्यानेच ठरवावं. इथल्या एका डॉक्टरांनी आम्हाला "पाळी येईपर्यंत थांबा" असं सांगितलं होतं. बहुतेक टर्नरच्या मुलींना पाळी आपणहून येतच नाही! चार ते सहा वर्षांच्या सुमारास हे इंजेक्शन सुरू झालं तर चांगलं. नंतर ११-१२व्या वर्षी इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन, तेही अगदी थोड्या डोसपासून.

खर्चात खरी तफावत गावाची नाहीच. कोयना एक्सप्रेसचं तिकीट किती ते, इंजेक्शन मात्र रोजचं, वर्षानुवर्षं, आणि डोस वजनावर असल्यामुळे मुलगी वाढेल तसं बिलही वाढतं. एवढं करून उंची साधारण पाच ते आठ सेंटीमीटर जास्त मिळते. ऐपत नसेल आणि हे इंजेक्शन घेतलं नाही, तर मी कुणाला नावं ठेवणार नाही. इस्ट्रोजेन आणि इको मात्र सोडू नका. इस्ट्रोजेन नसेल तर ऐन तरुणपणी हाडं ठिसूळ होतात.

आम्ही दोन्ही धरलंय. सहा महिन्यांनी पुणं, बाकी सगळं इथंच, एकाच फाईलमध्ये. इंजेक्शनचं पेन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून प्रवासात थंड डबा सोबत घेतो, पण पेन बर्फाला टेकू देत नाही, गोठलं की औषध वाया. घरी लाईट गेली की पहिली हाक तिचीच येते, "बाबा, फ्रीज उघडू नका!"