जिप्सीचं फुल इंजिन काम: ऑइलचा वास, बॅक कॉम्प्रेशन आणि गवंड्याची लेव्हल नळी

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या 1298 सीसी पेट्रोल जिप्सीचं फुल इंजिन काम करून घेतलं. बोअरिंग, ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, हेडमध्ये नवे गाइड, क्रँकची दोन्ही सील. आता उन्हाळा आलाय. गाडी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये फिरली, वरंध घाटात चढली, भोरकडच्या शेतरस्त्यांवरही राबली. पिकअप आणि आवाज यांत नाव ठेवायला जागा नाही. लिहायचं आहे ते ऑइलच्या वासाबद्दल, कारण त्यापायी हे नवंकोरं इंजिन परत खोलायची वेळ आली होती.

सिग्नलला थांबलं की ब्लोअरमधून गरम ऑइलचा वास यायचा. ऑइलचं झाकण काढलं की धूर. एअर फिल्टर तेलकट, बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या आवरणाखाली) थेंब. दोन गॅरेजमध्ये झाकण उघडून बघितलं आणि तिथेच निकाल लागला: बॅक कॉम्प्रेशन मारतंय (सिलिंडरमधला गॅस खाली इंजिनात उतरतोय), रिंगा बसल्या नाहीत, इंजिन उतरवा.

झाकण काढून धूर बघायची ही पद्धत मला अजिबात पटत नाही. चांगल्या इंजिनातही थोडा गॅस रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतोच. तो ओढून मॅनिफोल्डमधून (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळकांड्यातून) परत जाळायचं काम पीसीव्ही व्हॉल्व्हचं, आणि त्याच्या जागी स्वच्छ हवा एअर फिल्टरकडच्या ब्रीदर पाइपातून आत येते. झाकण उघडलं की ही सगळी रचनाच मोडते, मग जे दिसतं त्यावरून काय ठरवणार? दाब मोजायचा तो सगळं जागच्या जागी बंद असताना.

त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी घेतली, फळीवर यू आकारात बांधली आणि अर्धी पाण्याने भरली. पाणी दिसावं म्हणून चिमूटभर कुंकू टाकलं. एक टोक ऑइल दांडीच्या नळीवर घट्ट बसवलं, दुसरं उघडं ठेवलं. दोन बाजूंच्या पाण्यात 10 मिलिमीटर फरक म्हणजे साधारण 98 पास्कल. एक काळजी मात्र घ्याच: इंजिन आणि पाणी यांच्या मध्ये रिकामी बाटली जोडा. व्हॅक्युम जास्त निघाला तर पाणी थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात जाईल. आणि त्याआधी ऑइलची लेव्हल बघा. जास्त भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो आणि तशाच तक्रारी सुरू होतात.

गरम इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू) असताना पाण्याने 25 मिलिमीटर दाब दाखवला. खरं तर तिथे हलका व्हॅक्युम हवा. मॅनिफोल्डकडे जाणारा पीसीव्हीचा पाइप पक्कडीने दाबला, तर पाणी हललं नाही की आयडलही बदललं नाही. म्हणजे त्या पाइपातून काही वाहतच नव्हतं. पाइप गरम झाल्यावर मधोमध चपटा पडलेला दिसला. कुणीही म्हणेल, पाइप बदला. कापडी थराचा ऑइलचा पाइप टाकला. तो चपटा पडला नाही, पण पाणी तिथेच!

मग टॅपेट कव्हर काढलं. पीसीव्हीच्या तोंडाखाली जो पत्र्याचा आडपडदा (बॅफल) असतो, त्याच्या भोकात करड्या सिलिकॉन पेस्टची वळी अडकली होती. गॅस्केटला गरजेपेक्षा जास्त पेस्ट लावली की ती आत पिळून निघते आणि सुटते. ब्रीदरच्या जाळीतही तिचेच तुकडे होते. आतून वाट बंद, म्हणून मॅनिफोल्डने पाइप चोखून चपटा केला होता. सगळा गॅस अर्धवट बुजलेल्या ब्रीदरमधून उलटा एअर फिल्टरकडे जात होता, सोबत ऑइल घेऊन. बॅफल साफ करून कव्हर पुन्हा बसवलं, तर आयडलला पाणी उलट्या बाजूला, 15 मिलिमीटर व्हॅक्युम. सिग्नलचा वास त्याच दिवशी गेला.

घाटातला वास मात्र राहिला. फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डचा व्हॅक्युम जवळजवळ संपतो, पीसीव्ही ओढत नाही, आणि रिंगांची खरी हालत तेव्हाच कळते. लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते त्याची तपासणी, करून घेतली: पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा. सायलेन्सरमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीत आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, ऑइलच्या झाकणाशी आली तर रिंगा. तिसऱ्या सिलिंडरची गळती 22 टक्के, बाकीचे 12 च्या आसपास, आणि आवाज झाकणाशी.

तेव्हा गाडीला मोजकेच किलोमीटर झाले होते, म्हणून खोलायचं नाही असं ठरवलं. होनिंगच्या रेघांवर (बोअरला आतून घासून पाडलेल्या बारीक रेघांवर) रिंगा घासून बसायला लोड लागतो. नवं इंजिन आयडलवर तासन्‌तास ठेवलं तर बोअरला चकाकी येते आणि रिंगा कधीच धरत नाहीत. साधं मिनरल ऑइल ठेवलं, चढाला तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल द्यायचा, उताराला गिअरमध्येच पाय काढायचा. खेचायचं, पण रेडलाइनला न्यायचं नाही. दिवाळीनंतर तिसरा सिलिंडर 13 टक्क्यांवर आला.

आज घाटातही वास नाही. ऑइल टॉपअप दोन सर्व्हिसमध्ये जेमतेम लागतो. बेलहाउसिंगखालचे थेंब थांबले, फक्त ओलसरपणा आहे. दाबाने क्रँकच्या मागच्या सीलची कड थोडी उचलली गेली असणार. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हाच ते सील बदलून घेईन.