इंटरॅक्टिव्ह पॅनल वर्गात लागल्यावर: पहिल्या सत्रानंतरचा अनुभव

जूनअखेर शाळा उघडली तेव्हा आमच्या आठवीच्या वर्गात ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने लिहिता येईल अशी टीव्हीसारखी मोठी स्क्रीन, बसवलेलं होतं. आता दुसरं सत्र सुरू आहे. नागपुरातली अनुदानित मराठी शाळा, साठेक पोरं, ३५ मिनिटांची तासिका, हे लक्षात ठेवून वाचा.

चित्र झकास, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तक्रार स्पर्शाची. यात चौकटीतून इन्फ्रारेड किरण आडवे-उभे जातात आणि ते जिथे अडतील तिथे पॅनल स्पर्श झाला असं समजतं. त्यामुळे त्याला बोट काय नि साडीचा पदर काय, सारखंच! आकृती काढताना पदर टेकला की भलतीकडेच रेघ. शेजारी खडूचा फळा आहे, त्याची धूळ चौकटीच्या खाचेत बसली की ठिपके आपोआप उमटतात. "मॅडम, ते एकटंच लिहून राहिलं!" म्हणत वर्ग खिदळतो आणि पाच मिनिटं गेली. रोज सकाळी कोरड्या मऊ फडक्याने कडा पुसायच्या, एवढं साधं कंपनीच्या माणसाने सांगितलंच नाही. त्याचं प्रशिक्षण म्हणजे एका दुपारी पेनाचे रंग बदलून दाखवणं.

तयार व्हिडिओ मी आता लावत नाही. पोरं बघतात, पण वहीत काही उतरत नाही. त्यापेक्षा बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ मोठी करून आकृतीवर बोलणं जमतं. २०१७ साली आलेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचं साहित्य पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून मिळतं, मात्र शाळेचं वायफाय ऑफिसच्या भिंतीशीच संपतं, म्हणून हॉटस्पॉट माझाच. सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच निघाली. एखाद्याने सोडवलेल्या गणिताचा फोटो, नाव झाकून, पॅनलवर लावायचा आणि चिन्ह कुठे चुकलं ते वर्गाने शोधायचं. मागचे बाकसुद्धा उठून पुढे येतात.

"जुने शिक्षक तंत्रज्ञानाला घाबरतात" हे बैठकीत ऐकून कान किटले. आमचे भूमितीचे सर हाताने एका दमात वर्तुळ काढतात. पॅनलवर त्यांची रेघ बोटाच्या मागून रेंगाळत येते. साठ पोरांपुढे त्यांनी ते का सहन करावं? शिवाय पॅनल वापरल्याची नोंदवही आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोजचा फोटो. आधीच यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, भरायच्या माहितीचं ओझं कमी आहे का? परिणामी काही वर्गांत पॅनल फोटोपुरतंच सुरू होतं. नोंदवही बंद केली तर वापर वाढेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाचपैकी तीन तारे. घेणार असाल तर खिडक्यांना जाड पडदे आणि इन्व्हर्टर त्याच बजेटमध्ये धरा. थेट ऊन पडलं की स्पर्श गडबडतो आणि वीज गेली की तास तिथेच थांबतो. प्रशिक्षण महिन्याभराने पुन्हा हवं, असं करारातच लिहून घ्या. खरे प्रश्न तोवर पडलेले असतात. आणि खडूचा फळा काढू देऊ नका, फक्त पॅनलपासून लांबच्या भिंतीवर न्या.