टूर्नी घेऊ का १०५?

भाचा विचारतोय, मामा, शिमानो कंपनीच्या टूर्नी या स्वस्त गिअरची साधी सायकल घेऊ का पैसे साठवून त्यांच्याच १०५ या महाग गिअरची रोडबाईक. दुकानदार कार्बन-बिर्बन काय सांगतोय ते सोड, आपल्या रस्त्यावर काय होतंय ते बघ.

घेतानाचा खर्च सगळ्यांना दिसतोय, नंतरचा कोण बघतंय? टूर्नीला मागं ७ चक्रं, चेन जाड, आपल्या बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडचा लाल चिखल खाऊन पण फिरत राहती, आणि झिजली तर साधा मिस्त्री पण बदलून देतोय. १०५ ची १२ गिअरची चेन बारीक, अर्धा टक्का ताणली की बदलायचीच, नाहीतर महाग कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा गठ्ठा, पण खाती.

टिकण्यात मात्र स्वस्तातली एक गोची आहे बघ. तिचं फ्रीव्हील (मागची चक्रं आणि उलटं फिरायची यंत्रणा एकत्र) हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, आट्यांनी बसतंय, त्यामुळं उजवं बेअरिंग आत राहतंय आणि एक्सलचं, म्हणजे चाकाच्या दांड्याचं, टोक लांब बिनआधाराचं, तुझ्यासारखा दणकट गडी खड्ड्यात आदळला की एक्सल वाकलाच. १०५ ला फ्रीहब, म्हणजे ती यंत्रणा हबाचाच भाग, त्यात बेअरिंग बाहेरच्या टोकाला, तिथं हे सहसा होत नाही.

ब्रेकचं तर बोलायलाच नको, पावसात चोर्ला घाट उतरताना १०५ चं तेलाच्या दाबावरचं हायड्रॉलिक डिस्क दोन बोटांत ऐकतंय, स्वस्तातल्या रिम ब्रेकला, म्हणजे चाकाच्या कडेला घासणाऱ्याला, आधी पाणी पुसायला लागतंय.

रोज उद्यमबागला कामाला जाणार असशील तर टूर्नी बास की, फक्त चेनला तेल घाल. रविवारी राजहंसगड, चोर्ला असं खरंच करणार असशील तर १०५ चे पैसे वसूल. दोन्ही थोडं थोडं असेल तर शिमानोचीच मधली अल्टस बघ, ९ गिअर, फ्रीहबवाली, मी तरी तीच घेईन.