स्पिरिटचा की गॅसचा? माझा कौल गॅसला, तरी...

दोन वर्षं भटकंतीत दोन्ही स्टोव्ह वापरून बघितले, म्हणून लिहायलोय. बेळगावजवळच्या राजहंसगडावर पहाटेचा चहा करायला पहिल्यांदा स्पिरिटचा नेला. हातावर मावणारा पितळी डबा, ना पंप ना वॉशर, त्यामुळं बिघडण्यासारखं काहीच नाही. आवाजही नाही. पण गडावरचं वारं माहिती आहे न्हवं? आडोसा नसताना अर्धा लिटर पाणी उकळायला पंधरा मिनिटं गेली. पुढच्या खेपेला पत्र्याचा आडोसा केला, तेव्हा आठ-नऊ मिनिटांत काम झालं.

धोका वेगळाच. उन्हात त्याची ज्योत दिसतच नाही. विझला समजून भावानं बाटली वाकडी केली, मी हात धरला म्हणून वाचलो. पेटत्या स्टोव्हमध्ये कधीही स्पिरिट ओतू नका. गार होऊ द्या, मगच भरा. आणि वजनाला वजन धरलं तर गॅसमधली उष्णता जवळजवळ दुप्पट, त्यामुळं चार दिवसांच्या मुक्कामाला स्पिरिटचंच ओझं जास्त होतं.

गॅसवर आच कमी करता येते, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. जांबोटीकडं पावसात खिचडी शिजवली, तळाला लागली नाही. आमच्याकडच्या थंडीत डबीतला नुसता ब्युटेन गॅस चालतो. हिमालयात मात्र शून्याखाली तो द्रवच राहतो, पेटत नाही, तिथं प्रोपेन गॅस मिसळलेली डबी घ्या.

खटकतं एकच, गॅसची रिकामी डबी. ती पिशवीतून परत बेळगावला आणावी लागते. स्पिरिट काय, रंगाच्या दुकानात मिळतं.

एकट्यानं नुसता चहा करायचा असेल तर पितळी डबा अजून माझ्या पिशवीत असतोच.